माणूस गेल्यानंतरचे कागद

गोष्ट १९९८ सालची. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. जून लागला की आमच्या शाखेत पाय ठेवायला जागा नसे. पीककर्जाचे अर्ज, सातबाराचे उतारे, जामीनदारांच्या सह्या, आणि दाराबाहेर आभाळाकडे बघत बसलेली माणसे. अशा गर्दीत एक बाई माझ्या टेबलाशी आली. तिशीच्या आतबाहेरची असेल. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत मुदत ठेवीच्या तीन पावत्या. एक तिच्या नावाची, दोन मुलांच्या नावाच्या.

"साहेब, यातले पाच हजार काढून द्या. बियाणं घ्याचं हाय," ती म्हणाली.

मी पावत्या पाहिल्या. तिन्हींवर लाल शाईने लिहिलेले होते की, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय ही रक्कम मुदतीपूर्वी देऊ नये व तिच्यावर कर्जही देऊ नये. आदल्या वर्षी कापूस विकून मोटारसायकलवर परतताना तिच्या नवऱ्याला ट्रकने उडवले होते. त्याची ही भरपाई. मी तिला नियम सांगितला. कोर्टाचे बंधन आहे, मुदत संपेपर्यंत हात लावता यायचा नाही.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "पण साहेब, पैसे तं माह्या मालकाच्या जिवाचे हायेत ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मागे रांग होती. मी पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला.

दिवाळीनंतर तपासणी आली तेव्हा ती फाइल काढावी लागली आणि न्यायाधिकरणाचा हुकूम मी पहिल्यांदा नीट वाचला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, या ठेवीचे व्याज बाईला वेळच्या वेळी द्यायचे होते. आमच्या शाखेने ठेव चुकीच्या प्रकारात उघडल्याने ते व्याज मुद्दलातच जमा होत राहिले होते. दुसरी, गरज पडल्यास न्यायाधिकरणाकडे अर्ज करून रक्कम मागण्याची तिला मुभा होती. साध्या कागदावर, कारण लिहून. मी तिला "परवानगी आणा" असे म्हटले नव्हते. "मिळणार नाही" असे म्हटले होते. या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते मला नंतर कळले, कारण तोपर्यंत तिने बियाण्यासाठी सावकाराकडून दिढीने पैसे उचलले होते. आम्ही व्याजाची चूक दुरुस्त केली. सावकाराचे व्याज मात्र तिनेच फेडले.

ही कबुली इतक्या वर्षांनी द्यायचे कारण असे की, निवृत्तीनंतर गावाकडची माणसे माझ्याकडे कथा-कादंबऱ्यांवर बोलायला फारशी येत नाहीत, कागद दाखवायला येतात. आणि त्या कागदांत अपघाताचे कागद वाढत चालले आहेत. आपल्या जिल्ह्याचे सोळा तालुके. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा मोठा रस्ता पांढरकवड्यावरून जातो. नागपूर-तुळजापूर रस्ता कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेड असा सगळा जिल्हा कापत जातो. वणीकडे कोळशाचे ट्रक आहेत. हे रस्ते रुंद झाले, गुळगुळीत झाले, याचा आनंदच आहे. पण त्यांच्या कडेची गावे तिथेच आहेत, आणि गावातला माणूस शेतात, बाजारात, दवाखान्यात, सोयरिकीला मोटारसायकलनेच जातो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांतली शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. हे आकडे वाचून आपण पान उलटतो. ज्या घरातला माणूस त्या आकड्यात आहे, त्या घराला पान उलटता येत नाही.

अशा घरात तेराव्याच्या आत दोन प्रकारची माणसे येतात. पहिला ट्रकमालकाचा किंवा जीपवाल्याचा माणूस. तो हात जोडतो, 'होणारे झाले' म्हणतो, पन्नास हजार पुढे ठेवतो आणि आपसात मिटवून टाकू म्हणतो. दुसरा असतो 'केस लावून देणारा'. तो शेकडा किती घेणार तेही आधीच सांगतो. एक वाचकांनी ध्यानात ठेवावे. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून घेणे हे वकील परिषदेच्या नियमांत बसत नाही. आपल्याकडे ते इतके रुळले आहे की, टक्केवारी न सांगणाऱ्या वकिलाचाच लोकांना संशय येतो.

पन्नास हजार घेऊन मिटवणाऱ्या घराने काय सोडले याचा हिशेब एकदा मांडून पाहू. बँकेतल्या माणसाला हिशेबाशिवाय बोलता येत नाही. समजा, गेलेला माणूस पस्तीस वर्षांचा. थोडी शेती, बाकी मजुरी, दुधाचा जोडधंदा. महिन्याची कमाई १२,००० धरली तर वर्षाची झाली १,४४,०००. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली प्रणय सेठी प्रकरणात सांगितले की, स्वतःचा उद्योग करणारा माणूस चाळिशीच्या आतला असेल तर पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी त्यात ४० टक्के मिळवावेत. झाले २,०१,६००. घरात बायको, दोन मुले आणि म्हातारी आई, म्हणजे चार अवलंबून. तेव्हा त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करायचा. उरले १,५१,२००. आता याला वयाप्रमाणे गुणायचे. २००९ सालच्या सरला वर्मा प्रकरणात हा गुणक ठरवून दिलेला आहे. ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे. गुणाकार २४,१९,२०० रुपये. शिवाय अंत्यविधी, वारसांचे नुकसान, पत्नीने गमावलेली साथ यांच्या ठरावीक रकमा वेगळ्या, आणि त्यांत दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ.

चोवीस लाख आणि पन्नास हजार. मधले अंतर कोणाच्या खिशात राहिले याचा विचार तेराव्याला पंगतीत बसलेल्यांपैकी कोणी करत नाही.

आता याच हिशेबात महिन्याची कमाई बारा हजारांऐवजी सहा हजार धरली तर सगळी रक्कम निम्म्यावर येते. आणि धरली जाते ती बहुधा तशीच, कारण आपल्या माणसाच्या कमाईला कागद नसतो. शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. विमा कंपनीचा वकील म्हणतो, माणूस गेला तरी जमीन जागेवरच आहे, मग नुकसान कशाचे? हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. न्यायालये अशा वेळी जमिनीचे सगळे उत्पन्न धरत नाहीत, त्या माणसाच्या राबण्याची आणि देखरेखीची किंमत धरतात. म्हणून ती किंमत दाखवता आली पाहिजे. बाजार समितीच्या पट्ट्या, जिनिंगच्या पावत्या, दूध डेअरीचे कार्ड, बँकेचे पासबुक, आणि माणूस गेल्यावर तीच जमीन बटईने द्यावी लागली असेल तर त्याचा कागद. हे सगळे आपण कोनाड्यात कोंबतो आणि दिवाळीच्या साफसफाईत जाळतो.

बाईच्या कष्टाचेही तेच. अपघातात घरची बाई गेली तर 'ती काही कमावत नव्हती' असे तिचा नवराच कोर्टात सांगतो. न्यायालये त्याच्यापेक्षा पुढे गेली आहेत. २००१ साली जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात आणि पुन्हा २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने घरकामाला पैशात किंमत आहे, ती धरली पाहिजे, असे स्पष्ट म्हटले. कोर्टाला जे कळले ते घराला कधी कळेल?

कायद्याने कमी केलेले नाही, हे मी मुद्दाम सांगतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा १९८९ च्या जुलैपासून लागू आहे. भरपाईचा अर्ज अपघात झाला तिथेच करावा लागतो असा गावाकडे समज आहे. तो चुकीचा. अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. मारेगावचा मुलगा पुण्याला कंपनीत असताना गेला, तर त्याच्या म्हाताऱ्या आईबापांनी पुण्याच्या वाऱ्या करायची गरज नाही. आयुर्विम्याचे पैसे मिळाले म्हणून भरपाई कापली जात नाही. आपल्याच एस. टी. महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो प्रकरणात १९९८ साली ते ठरलेले आहे. गाडीवर तिघे बसले होते एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात घडला असे दाखवावे लागते, हे २०२० सालच्या निकालात आले आहे. अर्थात म्हणून तिघांनी बसावे असे कोणी समजू नये. कोर्ट भरपाई देते, पाय देत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख अशी तरतूद आली. धडक देऊन वाहन पळून गेले असेल तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. त्यासाठी कोर्टाची पायरी नाही, महसूल खात्याकडे, तहसील किंवा उपविभागीय कचेरीत अर्ज करायचा. पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. २०२५ च्या मे महिन्यापासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळावेत, अशी योजनाही आली. मात्र त्याच दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत परत आणली. १९९४ साली अशीच मुदत काढून टाकली होती. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असे सांगितले. पण त्या भरवशावर कोणी थांबू नये. सहा महिन्यांत अर्ज करावाच.

आणि जिथे कायदा हात टेकतो तेही सांगितले पाहिजे. आपलाच माणूस भरधाव होता, समोर दुसरे वाहन नव्हते, गाडी झाडावर गेली, तर दुसऱ्याकडून भरपाई मागता येत नाही. तिथे गाडीच्या मालकाचा स्वतःचा अपघात विमा असेल तर तोच कामी येतो. त्याची रक्कम १५ लाख आहे, पण त्यासाठी गाडी आणि पॉलिसी त्याच्या नावावर हवी आणि लायसन्स हवे. आपल्याकडे गाडी भावाची, विमा आधीच्या मालकाचा आणि चालवणारा भाचा. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेला माणूसही तिच्यात येत नाही, हे तर कित्येकांना ठाऊकच नसते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. त्या गाड्यांची पाच वर्षे केव्हाच उलटून गेली. किती जणांनी पुढचा विमा काढला? विमा नसलेल्या गाडीने कोणाला उडवले तर भरपाई मालकावर बसते, आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आहे त्याच्याकडून काय वसूल होणार, आणि झाले तरी एका घराचे सावरताना दुसरे घर बुडणार.

बँकेतल्या माणसाने बँकेचेही सांगावे. वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा २ लाखांचा अपघात विमा असतो. पैसे खात्यातून आपोआप वळते होतात, म्हणून घरच्यांना पत्ता नसतो. खातेदार गेला की वारस खाते बंद करून शिल्लक नेतात आणि विम्याचा अर्ज कोणी भरत नाही. शेतकरी कुटुंबासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. मुंडे स्वतः २०१४ साली दिल्लीच्या रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्या योजनेत मृत्यूला २ लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी कार्यालयात आणि लवकर करावा लागतो. पासबुकात वीस रुपये वजा झालेले दिसले तर शाखेत जाऊन विचारा. आणि शाखेतल्या माझ्या धाकट्या मित्रांनो, मृत्यूचा दाखला घेऊन कोणी समोर आले की तुम्हीच आपणहून विचारा. मी विचारले नव्हते, म्हणून सांगतो.

काही जण म्हणतात, हे सगळे पैशाचे झाले, माणूस परत येतो का? नाही येत. पण हे वाक्य नेहमी ज्याचे काही गेलेले नसते तोच म्हणतो. भरपाई ही मेहेरबानी नाही आणि मृत्यूची किंमतही नाही. घरात येणारा जो पैसा थांबला तो चालू ठेवण्याची ती व्यवस्था आहे. दुसरे काही जण म्हणतात, लोक खोटे दावे करतात, वाहन बदलतात, साक्षीदार उभे करतात. हे खरे आहे. म्हणूनच खऱ्याने वेळेवर फिर्याद द्यावी, पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या अहवालाच्या प्रती मागून घ्याव्यात, वाहनाचा क्रमांक पहिल्याच कागदात येईल असे पाहावे. खोट्यांच्या पापाने कंपन्या सगळ्यांकडेच संशयाने पाहतात, आणि उशिरा आलेला खरा माणूस खोट्यासारखा दिसतो.

त्या लाल शाईच्या बंधनाबद्दलही माझे मत आता एकतर्फी राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने नव्वदीच्या दशकात सुसम्मा थॉमस प्रकरणात अशिक्षित, अज्ञान आणि विधवा दावेदारांचे पैसे ठेवीत गुंतवायला सांगितले, ते उगीच नव्हे. मी दुसरीही एक बाई पाहिली आहे. तिला सगळी रक्कम एकदम मिळाली. सहा महिन्यांत दिराची जीप आली, भावाचे कर्ज फिटले, आणि बाई दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जाऊ लागली. बंधन नसते तर पहिल्या बाईचेही तेच झाले असते कदाचित. तेव्हा बंधन असावे, पण त्याची किल्ली कोणाकडे आहे आणि ती कशी मागायची, हे बाईला तिच्या भाषेत कोणीतरी सांगितले पाहिजे. न सांगितल्याने काय होते याचा पुरावा मोठा आहे. गुजरातेतल्या एका निवृत्त न्यायाधीशांनी कळवल्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा अपघात न्यायाधिकरणांत कोट्यवधी रुपये कोणी न नेता पडून असल्याचे दिसले. २०२५ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने त्यावर निर्देश दिले. निकाल लागला, पैसे जमा झाले, आणि ज्यांचे होते त्यांना कोणी कळवलेच नाही!

हे सांगणारा माणूस नेमायला नवा कायदा लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा आहे, १९९५ पासून लागू आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात त्याची कचेरी आहे, तालुक्याला समिती आहे. बाईला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, अपंगाला तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. लोकअदालतीत तडजोड करता येते. फक्त एवढे लक्षात ठेवावे की तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून आकडा समजल्याशिवाय सही करू नये. सगळे आहे. पण ते कोर्टाच्या आवारात आहे, आणि अपघाताचे घर पहिला आठवडा सरकारी दवाखान्यात, शवागाराबाहेरच्या ओट्यावर आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेले असते. टक्केवारीवाला तिथे पोहोचतो. मोफतवाला पोहोचत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात विधी सेवेचा एक माणूस रोज बसावा. त्याने भाषण करू नये, एक छापील कागद हातात द्यावा: कोणत्या प्रती घ्यायच्या, कोणाकडे अर्ज करायचा, किती दिवसांत. आणि शवविच्छेदनाच्या अहवालासाठी थांबलेल्या माणसाला विचारावे, "घरी कोण कोण आहे?"

त्या बाईचा धाकटा मुलगा मध्यंतरी भेटला. आता पस्तिशीत आहे, स्वतःची मोटारसायकल आहे. मी त्याला विम्याचे विचारले. तो हसला, "आईनं पिशवीत ठेवला हाय, साहेब," म्हणाला. "दरसाल जून लागायच्या आधी तेच पाह्यते."

जूनच्या आधी. मी पुढे काही विचारले नाही.